सॅलडवर टूना की सॅमन?

जपानच्या कोची भागात टूनाचाच भाऊबंद असलेला कात्सुओ पेंढ्याच्या जाळावर बाहेरून झटकन भाजतात, आत कच्चाच ठेवतात. हीच ताताकी. सॅलडसाठी टूनाचंही तसंच: तवा धुरावेपर्यंत तापवायचा, एकेका बाजूला जेमतेम ४० सेकंद. कापल्यावर कडेला राखाडी पट्टी, मध्ये लालबुंद. पण मासा कच्चा खाण्यासाठीच विकलेला हवा. आपल्या बाजारातला कुपा, म्हणजे इथला टूना, असा अर्धकच्चा? नको रे बाबा!

सॅमन पूर्ण शिजवता येतो, त्यामुळे ती धास्ती नाही. कातडी खाली ठेवून ५ मिनिटं अजिबात हलवायचा नाही, मग उलटून मिनिटभर. कातडी पापडासारखी कुरकुरते. चरबी मात्र जास्त, म्हणून सोया सॉस आणि तिळाच्या तेलात लिंबू सढळ हाताने पिळा. हलकं हवं तर टूनाच. मी घरी मात्र सॅमनच करते, त्या कातडीपायी.