34 'आनोस' आणि 38 हजार रुपये

ऑफिसात माद्रिदच्या क्लायंटचं काम आलं. स्पॅनिश येणाऱ्यांना आधी घेणार म्हटल्यावर मी ऑनलाइन वन-टू-वन शिकवणी शोधली. डेमोला एक कोलंबियन मुलगी होती, इतकी गोड की त्याच संध्याकाळी मी 60 तासांचे 24 हजार यूपीआयनं भरून मोकळी झाले. "ताई, आज भरलेत तर सूट, उद्या 30 होतील," असं फोनवरचे सर म्हणाले होते. ती मुलगी पुन्हा दिसली नाही. पहिल्या तासापासून सरच.

आता, जी भाषा आपल्याला येतच नाही ती शिकवणाऱ्याला तरी येते का, हे ओळखायचं कसं? सर ठणकावून सांगायचे, मी वहीत उतरवायचे. 'मला आंबा आवडतो' म्हणजे 'यो गुस्तो मांगो'. बरोबर वाक्य आहे 'मे गुस्ता एल मांगो', आणि आंबे अनेक असले तर 'मे गुस्तान लोस मांगोस'. अगदी आपल्या 'आवडतो-आवडतात'सारखं! क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं, माझ्याप्रमाणे नाही. मराठी माणसाला पाच मिनिटांत कळेल अशी गोष्ट सरांनी इंग्रजीवरून उलटी करून शिकवली. स्पॅनिशमधले त आणि द आपल्यासारखेच दंत्य, तर सर 'तेंगो'ला (म्हणजे 'माझ्याकडे आहे') 'टेंगो' म्हणायचे.

एके दिवशी कॉलवर मी वय सांगितलं, 'आनोस' म्हणत. वर्षं म्हणजे 'आन्योस'. लिहिताना एन या अक्षरावर लहरी रेघ असते, ती गाळली की अर्थ होतो गुदद्वार. मला ती 34 आहेत, असं मी माद्रिदला कळवलं होतं. पलीकडे आधी शांतता, मग हशा. सरांना विचारलं तर म्हणाले, "लॅटिन अमेरिकेत असंच चालतं." चालत नाही. कुठेच नाही.

इथंच थांबायला हवं होतं. पण भरलेल्या पैशांचा मोह वाईट. 'देले' या स्पॅनिशच्या परीक्षेचा, ए-2 पातळीचा फॉर्म भरतो म्हणून सरांनी आणखी 14 हजार घेतले आणि महिन्याभरानं एक पीडीएफ हॉलतिकीट पाठवलं. आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं, म्हणून मी दिल्लीच्या इन्स्तितुतो सेर्व्हांतेसला, म्हणजे स्पेन सरकारच्या भाषासंस्थेला, फोन केला. माझ्या नावाची नोंदणी नव्हती. त्या तारखेला परीक्षाच नव्हती!

'देले'चं प्रमाणपत्र स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीनं हीच संस्था देते. नोंदणी स्वतःच्या ईमेलनं स्वतः करा, फी मध्यस्थाच्या हाती देऊ नका. शिकवणाऱ्याचं स्वतःचं प्रमाणपत्र मागा, आणि डेमो घेणारी व्यक्तीच शिकवणार का, ते लिहून घ्या. पैसे चार-चार तासांचेच भरा; चांगला शिक्षक याला नाही म्हणत नाही, हे मला आताच्या बाईंमुळे कळलं.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पैसे जाऊन चार महिने झाल्यावर. अशी तक्रार जितकी लवकर तितकी खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त. माझं खातं रिकामं ते रिकामंच.

दुसऱ्याच आठवड्यात सरांनी मागितला म्हणून मी पाच तारे देऊन अभिप्राय लिहिला होता: 'सर खूप मनापासून शिकवतात.' तो परवा काढून टाकला. त्याखाली 11 जणांनी 'उपयुक्त' असं नोंदवलं होतं.