सामाईक घरातली परीक्षा: एका शब्दकोडे-संग्रहाविषयी

मराठी शब्दकोड्यांचा एक नवा संग्रह मी गेले दोन महिने, रोज एक कोडे याप्रमाणे, सोडवतो आहे. प्रत्येक कोडे ११ × ११ घरांचे आहे आणि कोडेकाराची शब्दसंपत्ती पहिल्या काही पानांतच मनात भरते. वळचण, खलबत्ता, उंबरठा, पाणपोई असे रोजच्या बोलण्यातले, पण कोड्यांत क्वचित दिसणारे शब्द येथे भेटतात. एका कोड्यात आडवा 'वळचण' आणि उभा 'ओळख' हे दोन शब्द 'ळ'च्या घरात एकमेकांना मिळतात. 'पावसात चिमणीचा आडोसा' एवढ्या सूत्रावरून मला वळचण सुचली नव्हती. 'ओळख'मुळे 'ळ' हाती आला आणि कोपऱ्यातली सगळी गाठ सुटली. अडलेल्या शब्दाला छेदणाऱ्या शब्दाने असा हात देणे, यालाच मी चांगली रचना म्हणतो.

मराठीत हे जमवणे सोपे नाही. आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे डिसेंबर १९१३ मध्ये 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये छापले गेले, तेव्हापासून इंग्रजी कोडेकाराला २६ सुट्या अक्षरांवर काम भागवता आले आहे. आपल्याकडे मात्र काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि जोडाक्षर यांसह पूर्ण अक्षर एकाच घरात बसते, त्यामुळे सामाईक घरात नुसते व्यंजन जुळून चालत नाही. अमेरिकी वृत्तपत्रांतल्या कोड्यांत जवळपास प्रत्येक घर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत येते. तशी जाळी मराठीकडून मागणे अन्यायाचे होईल. काळी घरे जास्त असणारच, पण ती कोठे ठेवली आहेत यावरून रचनाकाराचा हात कळतो. या संग्रहात 'शस्त्रक्रिया' हा शब्द फक्त 'श' आणि 'या' या दोन घरांत छेदला आहे. 'स्त्र' आणि 'क्रि' यांच्या वर-खाली काळी घरे आहेत. हा विचार मला फार आवडला.

म्हणूनच पुढची चूक अधिक खटकते. एका कोड्यात 'मिरवणूक' आणि 'अणुशक्ती' हे शब्द एकाच घरात छेदले आहेत. पहिल्याला दीर्घ 'णू' हवा, दुसऱ्याला ऱ्हस्व 'णु'. त्या घरात काहीही लिहिले तरी दोहोंपैकी एक शब्द अशुद्ध होतो. ऱ्हस्व-दीर्घाकडे कोड्यापुरता काणाडोळा करावा, असे काही जण म्हणतात. मला ते मान्य नाही, कारण मुले शुद्धलेखन अशा ठिकाणीही शिकत असतात. तेथे 'विषाणू' किंवा 'रेणू' घेऊन आसपासची घरे बदलता आली असती.

संग्रहाच्या उत्तरार्धात भरताडही वाढते. 'रव', 'नग', 'कर' हे दोन अक्षरी संस्कृत शब्द आलटून-पालटून येतात आणि शब्द बसेनासा झाला की सूत्रापुढे 'उलट' असे लिहून वेळ मारून नेली जाते. दोन अपरिचित विशेषनामे एकमेकांना छेदतात, तेव्हा तर सोडवणाऱ्याजवळ तर्काला जागाच उरत नाही.

काळ्या घरांची नक्षी बहुतेक ठिकाणी सममित आहे; पान उलटे धरले तरी ती तशीच दिसते. मात्र या सममितीच्या हट्टापायी दोन कोड्यांत खालचा उजवा कोपरा, आणि अर्थात वरचा डावाही, उरलेल्या जाळीपासून पूर्ण तुटला आहे. तिथली सूत्रे अडली की बाहेरून एकही अक्षर मदतीला येत नाही. अशा वेळी सममिती मोडली असती तरी चालले असते. एक काळे घर उघडून कोपरा जोडणे अधिक गरजेचे होते.

कागद चांगला आहे, पेन्सिलचे खोडलेले उमटत नाही. घरे मात्र इतकी लहान आहेत की 'स्त्र' लिहिताना शेजारच्या घरातला आकडा झाकला जातो.