मियू मिनी प्लस: संगणक ते कन्सोल आणि परत, फायलींच्या ने-आणीचा काही महिन्यांचा अनुभव

मियू मिनी प्लस हे जुने व्हिडिओ गेम खेळण्याचे, साडेतीन इंची पडद्याचे, खिशात मावणारे कन्सोल २०२३ च्या सुरुवातीला बाजारात आले. त्याच्या ६४० × ४८० पिक्सेलच्या पडद्याबद्दल, बटणांबद्दल आणि देखणेपणाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्यातले बहुतेक कौतुक रास्तच आहे. मात्र ज्या कामावर या यंत्राचे सुख निम्म्याहून अधिक अवलंबून आहे, त्या फायलींच्या ने-आणीला परीक्षणांत फारशी जागा मिळत नाही. काही महिने नियमित वापर केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की या ने-आणीतही संगणकावरून कन्सोलवर गेम चढवण्यापेक्षा कन्सोलवरून संगणकावर सेव्ह फायली (खेळ कोठवर आला याच्या नोंदी) परत आणणे अधिक महत्त्वाचे आहे. आणि नेमके तेच बहुतेक वापरकर्ते करत नाहीत.

प्रथम यंत्राच्या मर्यादा समजून घ्याव्या लागतात. याच्या तळाशी यूएसबी-सी पोर्ट आहे, पण ते चार्जिंगसाठी आहे. केबल जोडली म्हणून मोबाईलसारखी संगणकावर ड्राईव्ह दिसू लागत नाही. कार्डाची खाच एकच असल्यामुळे ऑपरेटिंग सिस्टीम, गेम, सेव्ह फायली आणि चित्रे हे सारे एकाच मायक्रो एसडी कार्डावर असते. म्हणजे मार्ग दोनच उरतात: कार्ड काढून रीडरमध्ये घालणे, किंवा वाय-फाय. मी मूळ सॉफ्टवेअरऐवजी ‘ओनियन’ ही हौशी विकासकांनी तयार केलेली, विनामूल्य मिळणारी प्रणाली पहिल्या आठवड्यापासून वापरत आहे, त्यामुळे पुढचे सर्व वर्णन तिच्या संदर्भात आहे.

विक्रेते अशा कन्सोलसोबत आधीच गेम भरलेले कार्ड देतात. ते न वापरता बाजूला ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या कार्डावर उत्पादकाचे नाव बहुधा नसते, आणि त्यावरील गेमच्या प्रती परवान्याने दिलेल्या नसतात. मी ओळखीच्या दुकानातून ६४ जीबीचे, ‘ए१’ आणि ‘यू१’ खुणा असलेले कार्ड घेतले. ए१ ही विखुरलेल्या छोट्या वाचन-लेखनाच्या किमान वेगाची खूण, तर यू१ म्हणजे सलग लिहिताना सेकंदाला किमान १० एमबी वेगाची हमी. या कामाला ती पुरेशी आहे आणि अधिक महागडे कार्ड घेऊन कन्सोल वेगवान होत नाही. कार्ड घेतल्यावर त्याची क्षमता खरी आहे की नाही हे तपासणे मात्र अगत्याचे आहे, कारण १६ जीबीच्या कार्डावर १२८ चा आकडा छापून विकण्याचे प्रकार सर्वत्र चालतात आणि अशा कार्डावर ठरावीक मर्यादेपलीकडे लिहिलेल्या फायली निमूटपणे नष्ट होतात. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्स व मॅकवर एफथ्री ही विनामूल्य साधने संपूर्ण कार्ड भरून पुन्हा वाचून पाहतात. या तपासणीला बराच वेळ लागतो, पण ती एकदाच करायची असते.

त्यानंतर फॉरमॅटचा, म्हणजे कार्डावर फायली मांडण्याच्या पद्धतीचा, प्रश्न येतो. एसडी मानकानुसार ३२ जीबीहून मोठी कार्डे एक्सफॅट पद्धतीने तयार होऊन येतात, तर ओनियनला फॅट३२ लागते. विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी वर्षानुवर्षे ३२ जीबीपुढे फॅट३२ चा पर्यायच दाखवत नसे; ही मर्यादा त्या खिडकीची आहे, फॅट३२ ची नव्हे. रुफस या छोट्या प्रोग्रामने हे काम मिनिटभरात होते. फॅट३२ ची स्वतःची मर्यादा म्हणजे एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही, पण हे कन्सोल ज्या काळातले गेम चालवते त्या काळात तेवढी मोठी फाईल नव्हतीच: गेम बॉय ॲडव्हान्सची कॅसेट जास्तीत जास्त ३२ एमबीची असे, आणि पहिल्या प्लेस्टेशनची सीडी ७०० एमबीच्या आत-बाहेर.

फोल्डरांची रचना एकदा नीट समजली की पुढे कधी अडत नाही. ‘रोम्स’ (गेमच्या फायलींना रोम म्हणतात) या फोल्डरात प्रत्येक जुन्या यंत्राचे वेगळे फोल्डर असते: जीबी (गेम बॉय), जीबीसी (गेम बॉय कलर), जीबीए (गेम बॉय ॲडव्हान्स), एमडी (मेगा ड्राईव्ह), पीएस (प्लेस्टेशन) वगैरे. निंटेन्डोच्या ८-बिट यंत्राला येथे एफसी म्हणतात आणि सुपर निंटेन्डोला एसएफसी, कारण जपानमध्ये ही यंत्रे फॅमिकॉम आणि सुपर फॅमिकॉम या नावांनी विकली गेली. नव्वदीच्या दशकात आपल्याकडे घरोघरी टीव्हीला जोडलेले जे ‘व्हिडिओ गेम’ असत, ते याच फॅमिकॉमच्या नकला होत्या, त्यामुळे त्या कॅसेटींवर वाढलेल्या मराठी वाचकाने शोध एफसी या फोल्डरापासून सुरू करावा. नवी फाईल टाकल्यावर ती यादीत आपोआप दिसत नाही, कारण यादी साठवलेल्या कॅशमधून वाचली जाते; त्या यंत्राच्या यादीत जाऊन ‘रिफ्रेश रोम्स’ हा पर्याय चालवावा लागतो. मुखपृष्ठाची चित्रे त्याच फोल्डरातल्या ‘इमग्ज’मध्ये, गेमच्या फाईलचेच नाव देऊन, पीएनजी स्वरूपात ठेवायची असतात.

मोठ्या प्रमाणावर फायली चढवायच्या असतील तेव्हा कार्ड रीडरला पर्याय नाही, असे मी अनुभवावरून सांगतो. मात्र वेग केवळ एकूण आकारावर ठरत नाही. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा १९८५ चा गेम अवघ्या ४० केबीचा आहे. फॅट३२ मध्ये क्लस्टर, म्हणजे जागावाटपाचा सर्वांत छोटा तुकडा, ३२ केबीचा असेल तर तो कार्डावर ६४ केबी जागा व्यापतो, आणि अशा शेकडो चिमुकल्या फायली व त्यांची चित्रे चढवायला तेवढ्याच आकाराच्या एका मोठ्या फाईलपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो, कारण प्रत्येक फाईलसाठी फोल्डराची नोंद आणि वाटप-तक्ता पुन्हा लिहावा लागतो. कॅसेटवरच्या गेमच्या फायली झिपमध्ये ठेवल्या तरी एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करून गेम चालवणारे प्रोग्राम) त्या उघडून चालवतात. सीडीवरच्या गेमला झिप चालत नाही. तेथे बिन (सीडीवरची माहिती) आणि क्यू (तिची मांडणी सांगणारी मजकूर फाईल) अशी जोडी असते किंवा सीएचडी हे एकसंध स्वरूप. मी सर्व सीडी सीएचडीमध्ये रूपांतरित केल्या. माहिती तसूभरही न गमावता आकार लक्षणीय कमी होतो, आणि दुसरा लाभ म्हणजे बिनचे नाव बदलल्यावर क्यूमधला उल्लेख जुनाच राहून गेम न चालण्याचा प्रश्नच उरत नाही. ज्या गेमच्या दोन-तीन सीडी आहेत त्यांच्यासाठी सर्व सीडींची नावे ओळीने लिहिलेली एम३यू ही साधी मजकूर फाईल करावी. मग सीडी बदलली तरी सेव्ह एकच राहते.

फायली येतात कोठून, हा प्रश्न टाळून या विषयावर लिहिणे मला योग्य वाटत नाही. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(एए) नुसार संगणक प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला, तो ज्या उद्देशासाठी दिला गेला त्यासाठी वापरण्याकरिता किंवा नाश व हानीपासून तात्पुरते संरक्षण म्हणून, त्या प्रतीवरून प्रत करता येते. इंटरनेटवरून हजार गेम एकगठ्ठा उतरवणे त्यात बसत नाही. माझ्याकडे मस्कतला असलेल्या मामांनी आणलेल्या गेम बॉयच्या काही मूळ कॅसेटी आहेत. त्या वाचण्यासाठी मी एपिलॉग कंपनीचे ‘जीबी ऑपरेटर’ हे यूएसबीवर चालणारे उपकरण वापरतो. ते कॅसेटमधला गेम आणि त्यातली सेव्ह या दोन्हींची फाईल संगणकावर काढून देते. काढलेली प्रत बिनचूक आहे हे पाहण्यासाठी तिचा हॅश (फाईलच्या आशयावरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा आकडा) ‘नो-इंट्रो’ या जतन-समूहाच्या यादीशी ताडून पाहता येतो. याखेरीज आजचे विकासक जुन्या यंत्रांसाठी नवे गेम लिहितात. ‘टोबू टोबू गर्ल’ हा २०१७ चा गेम बॉयसाठीचा गेम विनामूल्य आणि मुक्त स्रोत आहे, आणि या पडद्यावर तो फारच सुरेख दिसतो. ज्यांच्याकडे जुन्या कॅसेटी नाहीत त्यांनी अशा गेमपासून आरंभ करावा, अशी माझी मनापासून सूचना आहे.

वाय-फायचा मार्ग ओनियनच्या ‘ट्वीक्स’ या ॲपमध्ये, नेटवर्क विभागात आहे. तेथे साम्बा व एफटीपी (नेटवर्कवरून फायली पाठवण्याच्या पद्धती), एसएसएच (दुसऱ्या यंत्रावरून आज्ञा देण्याची सोय) आणि ब्राउझरमधून चालणारा फाईल सर्व्हर अशा सेवा स्वतंत्रपणे सुरू-बंद करता येतात. कन्सोलचा आयपी पत्ता संगणकाच्या ब्राउझरमध्ये लिहिला की कार्डावरचे फोल्डर समोर उघडतात. वेगळा प्रोग्राम लागत नाही, म्हणून रोजच्या वापरासाठी मला हीच सेवा सर्वांत सोयीची वाटते. कन्सोलला फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय कळते, त्यामुळे राउटर केवळ ५ गिगाहर्ट्झवर ठेवला असेल तर नेटवर्क यादीत दिसणारच नाही. वेग बेताचाच आहे. माझ्या घरी तो सेकंदाला एक-दोन एमबीच्या आसपास राहतो. म्हणजे गेम बॉयचा गेम डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पोचतो, जीबीएच्या मोठ्या गेमला अर्धे मिनिट लागते, पण सीडीच्या आकाराची फाईल पाठवायला घेतली की निवांत चहा होतो आणि पिऊनही होतो. घराबाहेरच्या, वसतिगृहाच्या किंवा कचेरीच्या नेटवर्कवर या सेवा सुरू ठेवू नयेत, आणि ठेवायच्याच असतील तर पासवर्डची मागणी करणारा पर्याय चालू करावा. काम झाले की मी वाय-फाय बंद करतो, कारण ३००० एमएएचची बॅटरी विनाकारण त्यावर खर्च होणे मला पटत नाही.

आता सेव्ह फायलींविषयी, ज्यांच्यासाठी हे सारे लिहायला घेतले. गेमची फाईल हरवली तर कॅसेटमधून पुन्हा काढता येते. चाळीस तासांच्या खेळाची सेव्ह पुन्हा कोठूनही मिळत नाही. ओनियन या सर्व फायली ‘सेव्ह्ज’ फोल्डरातल्या ‘करंटप्रोफाईल’मध्ये ठेवते, आणि तेथे दोन वेगळे प्रकार असतात. एक म्हणजे गेमने स्वतः केलेली सेव्ह, जी बहुधा एसआरएम या विस्ताराची आणि जास्तीत जास्त काहीशे केबींची असते. दुसरा म्हणजे स्टेट, अर्थात त्या क्षणी एम्युलेटरच्या स्मृतीत जे काही होते त्याची जशीच्या तशी नोंद. कन्सोल बंद करताना ओनियन आपणहून स्टेट करून ठेवते आणि पुन्हा सुरू करताच खेळ तेथूनच पुढे चालू होतो. ही सोय इतकी उत्तम आहे की माणूस गेममधली सेव्ह करणेच सोडून देतो, आणि धोका नेमका येथे आहे. स्टेट त्या विशिष्ट एम्युलेटरशी, कधी कधी त्याच्या विशिष्ट आवृत्तीशीही बांधलेली असते. अद्ययावत केल्यानंतर ती उघडेलच याची खात्री नाही. एसआरएम फाईल मात्र मूळ कॅसेटमधल्या स्मृतीची प्रत असल्याने एका एम्युलेटरमधून दुसऱ्यात सहसा विनासायास जाते. संगणकावरचा एमजीबीए हा एम्युलेटर एसएव्ही विस्तार वापरतो. केवळ विस्तार बदलून मी कन्सोलवर सुरू केलेला खेळ संगणकाच्या मोठ्या पडद्यावर पुढे नेतो आणि पुन्हा कन्सोलवर आणतो. मामांच्या कॅसेटमधून काढलेली सेव्हही याच रीतीने कन्सोलवर सुरू झाली. गेम बॉयच्या बऱ्याच कॅसेटींतली सेव्ह आतल्या नाण्याएवढ्या बॅटरीवर टिकून असते आणि ती बॅटरी केव्हातरी संपतेच, म्हणून ज्यांच्याकडे अशा कॅसेटी आहेत त्यांनी हे काम लांबणीवर टाकू नये.

या ने-आणीत दोन नियम पाळावेत. सेव्हचे नाव गेमच्या फाईलच्या नावाशी जुळावे लागते, त्यामुळे यादी नीटनेटकी दिसावी म्हणून गेमचे नाव बदलले तर सेव्ह आणि चित्र या दोन्हींचीही नावे बदलायला हवीत; अन्यथा सेव्ह कार्डावर असूनही खेळ पहिल्यापासून सुरू होतो. दुसरे असे की गेम चालू असताना वाय-फायवरून सेव्ह उचलू नये किंवा टाकू नये. एम्युलेटर ती साधारणपणे गेम बंद करताना कार्डावर लिहितो, म्हणून उचललेली प्रत जुनी निघते, आणि बाहेरून टाकलेली प्रत गेम बंद होताना पुसली जाते.

प्रती घेण्यासाठी मी संगणकावर तारखेनुसार फोल्डर ठेवले आहेत आणि विंडोजमधल्या रोबोकॉपी या प्रती करणाऱ्या आज्ञेने बदललेल्या फायलीच तेवढ्या आणतो. फॅट३२ मध्ये फाईल बदलल्याची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्याने नोंदली जाते, त्यामुळे तुलना करणाऱ्या प्रोग्रामला न बदललेल्या फायलीही बदललेल्या वाटतात. रोबोकॉपी आणि लिनक्स-मॅकवरचे तसेच साधन आरसिंक या दोन्हींमध्ये हा फरक दुर्लक्षित करण्याचा पर्याय आहे आणि तो लावल्यावर काम क्षणात होते. मॅक वापरणाऱ्यांच्या कार्डावर टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फायली जमतात, त्या अधूनमधून साफ कराव्यात. लिनक्सवर प्रतीची पट्टी शंभर टक्क्यांवर पोचली तरी माहिती अद्याप संगणकाच्या स्मृतीतच असू शकते, म्हणून ‘इजेक्ट’ पूर्ण झाल्याशिवाय कार्डाला हात लावू नये. कन्सोलच्या बाजूनेही तेच: पडदा काळा झाला म्हणजे यंत्र बंद झाले असे नव्हे, ते झोपलेलेही असू शकते, पूर्ण बंद करूनच कार्ड काढावे.

यूएसबी केबलने थेट ने-आण होऊ शकली असती तर हे यंत्र मी विनाअट सर्वांना सुचवले असते. आज मी ते अशा वाचकांना सुचवतो ज्यांना फोल्डर उघडून आत काय आहे ते पाहण्याचा कंटाळा नाही. त्यांनी कन्सोलसोबतच चांगले कार्ड आणि यूएसबी ३.० चा रीडर मागवावा, आणि ओनियनची नवी आवृत्ती चढवण्यापूर्वी दर वेळी ‘सेव्ह्ज’ हे संपूर्ण फोल्डर संगणकावर उतरवून घ्यावे.