यूएफसीत राहायचं की पीएफएलकडे जायचं? करार संपत आलेल्या फायटरसाठी

जानेवारी 2023 मध्ये यूएफसीने, म्हणजे मिश्र युद्धकलेच्या (एमएमए) सगळ्यात मोठ्या संस्थेने, आपल्या हेवीवेट विजेत्याला, फ्रान्सिस एन्गानूला, मोकळं केलं आणि विजेतेपदाचा बेल्ट काढून घेतला. तो हरला नव्हता. वर्षभर आधी, गुडघ्याचे स्नायुबंध फाटलेले असताना, त्याने पाच फेऱ्या लढून सिरिल गानला हरवलं होतं. त्या लढतीचं त्याचं जाहीर मानधन होतं 6 लाख डॉलर. मे 2023 मध्ये तो पीएफएल या प्रतिस्पर्धी संस्थेत दाखल झाला. तेव्हापासून करार संपत आलेल्या मोठ्या फायटरचं नाव निघालं की पहिला प्रश्न हाच असतो: हाही जाणार का?

हा आढावा त्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यासाठी आहे. माझं मत आधीच सांगतो. सहीच्या वेळी दाखवलेल्या रकमेवर निर्णय घेऊ नका. जोड कोणाशी लागणार आणि बाहेर पडायची किल्ली कोणाच्या खिशात राहणार, ते बघा.

किल्लीपासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. यूएफसीच्या करारात विजेत्यासाठी एक कलम असायचं: बेल्ट तुमच्याकडे असताना करार संपत आला, तर तो आपोआप लांबतो. म्हणजे जिंकत राहाल तितके अडकत जाल. करार संपल्यावरही सुटका लगेच नसते. आधी फक्त यूएफसीशीच बोलणी करण्याची मुदत असते. त्यानंतर दुसऱ्या कोणी देऊ केलेल्या रकमेची बरोबरी करून तुम्हाला ठेवून घेण्याचा हक्क यूएफसीकडे राहतो. फायटरांनी कोर्टात लावून धरलेल्या खटल्यानंतर करारांना पाच वर्षांची कमाल मर्यादा आली आणि एन्गानू नेमका तिच्यामुळे सुटला. गुडघ्याचं ऑपरेशन करून तो 2022 चं उरलेलं वर्ष थांबला, डिसेंबरमध्ये मुदत भरली आणि यूएफसीने बरोबरी करण्याचा हक्कही सोडून दिला. जवळजवळ वर्षभर एकही लढत नाही. हे ज्याला परवडतं त्यानेच असं थांबावं. घरभाडं, कोचची फी आणि फिजिओचं बिल दर महिन्याला येतं. त्याच खटल्यात पुढे 37 कोटी 50 लाख डॉलरची तडजोड झाली, पण ती जुन्या फायटरांसाठी होती.

एन्गानूने यूएफसीकडे काय मागितलं होतं, ते पैशापेक्षा महत्त्वाचं वाटतं. फायटरांना आरोग्य विमा, स्वतःचे प्रायोजक आणण्याची मुभा आणि कंपनीच्या बैठकीत फायटरांच्या बाजूने बोलणारा एक माणूस. यूएफसीत पिंजऱ्यात उतरताना ठरलेल्या कंपनीचेच कपडे घालावे लागतात, 2015 पासून आधी रीबॉकचे आणि 2021 पासून व्हेनमचे. स्वतःच्या शॉर्ट्सवर गावच्या दुकानाचं नाव लावून चार पैसे मिळवायचा मार्ग तेव्हाच बंद झाला. पीएफएलने त्याला बॉक्सिंग लढण्याची मोकळीक दिली, पीएफएल आफ्रिकाचं अध्यक्षपद दिलं आणि एक विलक्षण कलम मान्य केलं: त्याच्यासमोर जो उभा राहील त्याला किमान 20 लाख डॉलर मिळतील. समोरच्याच्या पोटाचाही विचार करारात लिहून घेणारा फायटर या खेळाने क्वचितच पाहिला असेल.

बॉक्सिंगच्या मोकळिकीचं चीज झालं. ऑक्टोबर 2023 मध्ये रियाधला त्याने हेवीवेट बॉक्सिंग विजेत्या टायसन फ्युरीला तिसऱ्या फेरीत खाली पाडलं आणि पंचांच्या विभागलेल्या निकालात थोडक्यात हरला. मार्च 2024 मध्ये बॉक्सर अँथनी जोशुआने त्याला दुसऱ्याच फेरीत नॉकआउट केलं. पण या दोन लढतींची कमाई त्याच्या यूएफसीतल्या सगळ्या कमाईच्या वर गेली.

आता नाण्याची दुसरी बाजू. पीएफएलच्या पिंजऱ्यात तो पहिल्यांदा उतरला ऑक्टोबर 2024 मध्ये, म्हणजे सहीनंतर 17 महिन्यांनी. रेनान फरेराला त्याने पहिल्याच फेरीत संपवलं. मधल्या काळात बॉक्सिंग होतं आणि लहान मुलाच्या मृत्यूचं दुःखही, त्यामुळे सगळा दोष संस्थेवर टाकता येत नाही. तरीही विजेता म्हणून गाजलेल्या माणसाला तुल्यबळ जोड शोधून देणं पीएफएलला जड जातं, हे दिसलंच. आपल्याकडे तालमीतला कोणताही वस्ताद सांगेल की जोड चुकली तर इनामाची कुस्तीही फिकी पडते. सलग हलक्या जोडी मिळाल्या तर हात बोथट होतो, आणि पुढच्या करारात त्याची किंमत मोजावी लागते.

पीएफएलने नोव्हेंबर 2023 मध्ये बेलाटर ही दुसरी एमएमए संस्था विकत घेतली तेव्हा मला वाटलं होतं की आता जोडींचा प्रश्न सुटेल. झालं उलटच. बेलाटरमधून आलेले अनेक चांगले फायटर लढतीची वाट बघत बसले आणि पात्रिसियो पिटबुलसारखा माणूस अखेर 2025 मध्ये यूएफसीत गेला. पीएफएलची जुनी ओळख असलेली हंगामाची पद्धत, म्हणजे गुण मिळवा, बाद फेरी गाठा, अंतिम लढत जिंका आणि 10 लाख डॉलर घ्या, 2025 मध्ये बदलली. बक्षीस 5 लाखांवर आलं. तरी ज्याला ‘मला कधी बोलावणार’ याची चिंता नको होती, त्याला स्पर्धेचं ठरलेलं वेळापत्रक मोठा आधार देत होतं. यूएफसीत लढत मॅचमेकरच्या, म्हणजे जोडी लावणाऱ्याच्या, फोनवर ठरते, आणि तो फोन कधीकधी आठ दिवस आधी येतो.

उलट दिशेने गेलेली केला हॅरिसन या तुलनेत सगळ्यात मोठा पुरावा आहे. ज्यूदोतली दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं, लंडन 2012 आणि रिओ 2016. पीएफएलमध्ये 70 किलोच्या गटात दोनदा 10 लाख डॉलर जिंकले. तरी लोक विचारत राहिले की ती नेमकी कोणाला हरवतेय. 2024 मध्ये ती यूएफसीत आली, त्यासाठी शरीर 61 किलोपर्यंत उतरवलं, यूएफसी 300 या कार्यक्रमात माजी विजेत्या हॉली होल्मला गळा आवळून शरण आणलं आणि जून 2025 मध्ये जुलियाना पेन्याकडून बेल्ट घेतला. त्यानंतर तो प्रश्न कोणी विचारला नाही. पैसा आधी पीएफएलने दिला, शिक्का यूएफसीने.

वन चॅम्पियनशिप या आशियातल्या संस्थेचा पर्याय थोडक्यात. 2018 मध्ये माजी विजेत्या डिमेट्रियस जॉन्सनला यूएफसीने वनच्या बेन ऍस्क्रेनच्या बदल्यात तिकडे दिलं. तिथे शरीरातल्या पाण्याची पातळी तपासतात, त्यामुळे शरीर सुकवून वजन उतरवण्याला आळा बसतो, आणि जमिनीवर असलेल्याच्या डोक्याला गुडघा मारता येतो. जॉन्सन 2021 मध्ये अशाच गुडघ्याने आद्रियानो मोराएसकडून हरला, पुढच्या वर्षी त्यालाच उडत्या गुडघ्याने पाडलं. वजनाच्या छळाला कंटाळलेल्याने इथे नक्की बघावं.

मग कोणी कुठे जावं? वय पस्तिशीच्या पुढे, नाव जगभर झालेलं, बँकेत वर्षभराची बेगमी असेल, तर पीएफएल. पण लेखी घ्या: वर्षाला किमान किती लढती, लढत न दिल्यास किती रक्कम, बाहेर लढायची परवानगी कोणत्या अटींवर. तोंडी आश्वासन कोर्टात सिद्ध करणं अवघड जातं. वय तिशीच्या आत आणि अजून सिद्ध करायचं असेल, तर कमी पैशात का होईना, यूएफसी.

आपल्याकडच्या मुलामुलींनी यात पूजा तोमरची वाट नीट बघावी. ती वनमध्ये लढली, मायदेशी मॅट्रिक्स फाइट नाइट या भारतीय संस्थेचा बेल्ट घेतला, मग 2023 मध्ये यूएफसीत सही केली आणि जून 2024 मध्ये लुइव्हिलला रायाने दोस सांतोसला हरवून यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. तीन संस्था, आणि प्रत्येक वेळी जोड आधीपेक्षा कठीण. मुंबई-पुण्यात सराव करणाऱ्या कोणी विचारलं, तर मी आधी एवढंच विचारीन की पुढच्या बारा महिन्यांत तुझ्याशी कोण लढणार आहे, आणि ते नाव करारात कुठे लिहिलंय.