जुन्या मोटरसायकलच्या पत्र्यावरचा रंग: घरगुती ब्लास्टर की पेंट रिमूव्हर?

मडगार्ड, टाकी, साइड पॅनल असा रुंद, पातळ पत्रा असेल तर रिमूव्हरच बरा. ब्रशने जाड थर एकाच दिशेने लावा, वर प्लास्टिक अंथरा, 15-20 मिनिटांत रंग सुरकुततो. पत्रीने खरवडा, पुन्हा लावा. घरात नको, वाफ डोक्यात जाते, हातमोजेही रसायन सोसणारेच हवेत. खरी गोम सांध्यांत: तिथे उरलेला रिमूव्हर नंतर नव्या प्रायमरला फोड आणतो, म्हणून थिनरने दोनदा पुसा. आणि गंज तो काढत नाही.

गंज, वेल्डिंगचे कोपरे, स्टँड, ब्रॅकेट यांसाठी मात्र ब्लास्टरला, म्हणजे दाबाच्या हवेने बारीक कण मारणाऱ्या यंत्राला, तोड नाही. 80 मेश जाडीचे गार्नेट (घासणारे खनिज कण), हवेचा दाब 70-80 पीएसआय, नोझल सहा-आठ इंचांवर तिरके. एकाच जागी रोखून धरले की कण पत्रा ठोकून ताणतात आणि तो फुगतो. हा बाक सहज जात नाही. 2 एचपीचा कंप्रेसर इथे धापा टाकतो: दाब घसरला की नुसती धूळ उडते, थांबत थांबतच काम होते. पावसाळ्यात वॉटर ट्रॅप (हवेतले पाणी अडवणारा भाग) नसेल तर गार्नेट ओले होऊन नोझल तुंबलेच म्हणून समजा. नदीची वाळू चुकूनही भरू नका, सिलिकोसिस (फुफ्फुसांचा आजार) होतो. गार्नेटलाही चांगला रेस्पिरेटर हवाच.

लांबी (खड्डे भरायची पुट्टी) मारलेल्या जागी ब्लास्टर रेंगाळतो. तिथे आधी ग्राइंडरला वायर ब्रश. उघड्या लोखंडावर प्रायमर त्याच दिवशी.