सिरिंज सोडून इन्सुलिन पेन : काही महिन्यांच्या वापरानंतर

आईला इन्सुलिन टोचण्याचे काम घरात माझ्याकडे आहे. काही महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तिला वायल-सिरिंजवरून (म्हणजे औषधाची छोटी बाटली आणि सिरिंज) पेनवर, म्हणजे डायल फिरवून डोस लावायच्या पेनासारख्या उपकरणावर आणले, आणि मला सर्वांत मोठा फरक जाणवला तो सुईच्या लांबीचा.

बी-१२चे इंजेक्शन दंडाच्या किंवा कमरेच्या स्नायूत खोल देतात, पण इन्सुलिन मात्र कातडीखालच्या चरबीतच जायला हवे, कारण स्नायूत गेल्यास ते भराभर शोषले जाऊन साखर अचानक उतरू शकते. आमच्या सिरिंजची सुई ८ मिलिमीटरची होती आणि आई अंगाने बारीक, त्यामुळे मांडीत टोचताना कातडी नीट चिमटीत धरावीच लागे. कातडीची जाडी साधारण दोन-अडीच मिलिमीटर असते. पेनची ४ मिलिमीटरची सुई सरळ उभी टोचली, तरी बहुतेकांच्या बाबतीत ती चरबीतच थांबते.

पेन घेणाऱ्या प्रत्येकाला मी एक गोष्ट आवर्जून सांगेन. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक वायलमध्ये एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, तर पेनच्या नेहमीच्या कार्ट्रिजमध्ये (पेनात बसवायच्या औषधाच्या नळीत) १००. पेन बिघडला म्हणून कार्ट्रिजमधले औषध लाल टोपीच्या ४० युनिटवाल्या सिरिंजने ओढले आणि खुणा पाहून नेहमीचा डोस दिला, तर तो अडीचपट होतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. म्हणून पर्यायी व्यवस्था हवी असेल, तर वायल आणि तिचीच सिरिंज वेगळ्या डब्यात ठेवावी व डोस डॉक्टरांकडून लिहून घ्यावा.

आईचे इन्सुलिन ३०/७० मिश्रणाचे (३० टक्के लवकर आणि ७० टक्के सावकाश काम करणारे) असल्याने ते आधी तळहातांत घोळवून, मग पेन दहादा वर-खाली करून एकसारखे दुधाळ करावे लागते. त्यानंतर दोन युनिट हवेत सोडून टोकाशी थेंब येतो का ते पाहायचे. बटण पूर्ण दाबल्यावर दहा आकडे मोजेपर्यंत सुई आतच ठेवावी. घाईने काढली की कातडीवर ओल दिसते, म्हणजे डोस थोडा बाहेरच राहिला.

खर्च वाढला आहे, हे खरे. कार्ट्रिज महाग पडते आणि दर वेळी नवी सुई लागते. पण आईची नजर अधू असूनही डायलची टकटक मोजून ती आता स्वतः डोस लावते, आणि मी फक्त आकडा पाहून घेतो. तिला हाताशी आलेल्या या स्वावलंबनापुढे तो खर्च मला जड वाटत नाही.

जागा बदलत राहण्याचे काम मात्र पेनने वाचत नाही. पूर्वी एकाच ठिकाणी टोचल्याने आईच्या बेंबीच्या उजवीकडे मऊ गाठ झाली होती आणि तिथून इन्सुलिन नीट शोषले जात नसे. ती जागा सोडताना साखर उतरण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टरांनी तेव्हा डोस कमी करून काही दिवस साखर अधिक वेळा तपासायला सांगितली होती.