डेमोचं मशीन वेगळं, खोक्यातलं वेगळं: टेबल सॉ घेताना झालेली फसवणूक

परभणी, जिंतूर, सेलू, हिंगोली या भागात सुतारकाम, फर्निचरचं काम करणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं आणि शेजारच्या कारागिरालाही वाचून दाखवावं. भाड्याच्या गाळ्यात महिनाभराचा सेल लावायचा, नामांकित कंपनीच्या नावाची बनावट मशीनं विकायची आणि गाळा रिकामा करून जायचं, असा धंदा आपल्याकडे चालू आहे. पैसे तर जातातच, पण असं मशीन माणसाचा हातही घेऊ शकतं. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आमचा कारखाना म्हणजे पत्र्याचं एक शेड. अण्णा चौकटी, देव्हारे, पलंग करतात. मी प्लायची कपाटं आणि किचनची कामं बघतो. अर्धं काम गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन करावं लागतं. बिडाचं जड कटर मशीन तिथे नेता येत नाही आणि हातातल्या कटरने प्लायची लांब कड सरळ निघत नाही. त्यामुळे 10 इंची पात्याचं, टेम्पोत टाकून नेता येईल असं टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्यावर लाकूड सरकवून कापायचं मशीन, हवं होतं. आम्हाला हव्या त्या कंपनीचं मशीन दुकानांतून 50 हजारांच्या घरात सांगत होते. वसमत रोडच्या सेलमध्ये तेच मशीन 38 हजारांना होतं. कारणही पटण्यासारखं दिलं: बंद पडलेल्या डीलरचा शिल्लक माल. फार स्वस्त सांगितलं असतं तर कुणी गाळ्याची पायरीही चढलं नसतं. ही माणसं भाव विचार करून ठरवतात.

डेमो जोरदार झाला. अण्णांनी घरून नेलेली सागाची फळी त्यांनी विनातक्रार चिरून दाखवली. कड गुण्याला लागत होती, आवाज एकसारखा होता. ‘‘मामा, तुमच्या हाताने चालवून बघा की,’’ असं म्हणत विक्रेत्याने अण्णांनाच मशीनवर उभं केलं. ते मशीन खरंच अस्सल होतं, याबद्दल आजही माझ्या मनात शंका नाही. पण ‘‘डेमोचा पीस कशाला नेता, सीलबंद देतो’’ म्हणत त्यांनी आतून खोकं आणलं आणि त्यांच्याच पोराने ते ऑटोत ठेवलं. खोक्यावर कंपनीचं छापील नाव, होलोग्राम, वॉरंटी कार्ड सगळं होतं. पैसे ज्या क्यूआर कोडवर घेतले तो दुकानाच्या नावाचा नव्हता, एका व्यक्तीच्या नावाचा होता. बिल म्हणून शिक्का मारलेली चिठ्ठी दिली. ‘पक्कं बिल कुरिअरने येईल’.

पहिले काही दिवस प्लाय बरा कापला गेला. बाभळीचा दांडा लावला की मशीन दमायचं, जळका वास यायचा. गाईड, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायचा आधार, पात्याला समांतर बसेना; पुढे आणि मागे तीन मिलिमीटरचा फरक. गाईडचं मागचं टोक पात्याकडे झुकलेलं असलं की लाकूड पातं आणि गाईडमध्ये दाबलं जातं, पात्याचे मागचे दात ते उचलतात आणि कामगाराच्या पोटावर फेकतात. हे अडवायला पात्यामागे एक उभी पट्टी असते. लाकडाच्या दोन फाका मिटून पात्याला आवळू नयेत हे तिचं काम. ती पात्याच्या अंगापेक्षा जाड आणि दातांनी केलेल्या चिरेपेक्षा बारीक लागते. आमच्या मशीनवरची पट्टी बोटांनी वाकत होती.

मग एके दुपारी चिरकाम चालू असताना लाईट गेली. आम्ही बाहेर येऊन बसलो. लाईट आली आणि आत कुणी नसताना मशीन आपोआप सुरू झालं. त्या कंपनीच्या अस्सल मशीनला असं बटण असतं की वीज गेली की ते सुटतं आणि पुन्हा दाबल्याशिवाय पातं फिरत नाही. आपल्याकडे दिवसातून किती वेळा लाईट जाते ते सांगायला नको. अण्णा त्या वेळी अडकलेलं लाकूड काढत असते तर? मी अजूनही तो विचार पुरा करू शकत नाही.

मशीन ओळखीच्या वाइंडिंगवाल्याकडे, म्हणजे मोटारीची तार भरणाऱ्याकडे, नेलं. पाटीवर 2000 वॅट लिहिलेलं. 230 व्होल्टला पूर्ण भारावर एवढी मोटार साडेआठ अँपियरच्या आसपास घ्यायला हवी. करंट मोजणारं क्लॅम्प मीटर लावून बाभूळ चिरली तर आकडा पाचच्या वर जाईना. वाइंडिंगची तार ब्लेडने खरवडली तर वरून तांबूस, आतून पांढरी. तांब्याऐवजी ॲल्युमिनियम. ‘‘असलंच एक सेलूचं आलंय माझ्याकडं,’’ तो म्हणाला. दोन्ही मशीनं शेजारी ठेवली आणि पाट्या वाचल्या. दोन्हींचा सिरियल नंबर एकच होता, शेवटच्या आकड्यापर्यंत.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने सांगितलं की त्या मॉडेलला असा नंबर कधी दिलेलाच नाही. चिठ्ठीवरचा जीएसटी नंबर जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला तर तो कापड व्यापाऱ्याचा निघाला. तोवर गाळ्याला कुलूप लागलं होतं.

तुम्ही मशीन घेणार असाल तर पैसे देण्याआधी, विक्रेत्याच्या समोर, तुम्हाला मिळणारंच खोकं उघडायला लावा आणि डेमो त्याच मशीनवर घ्या. नकार मिळाला तर तिथूनच परत फिरा. सिरियल नंबर मशीनवर, खोक्यावर, वॉरंटी कार्डावर आणि बिलावर एकच हवा; तिथूनच कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून तो वाचून दाखवा. मशीन चालू असताना भिंतीवरचं बटण बंद करून पुन्हा चालू करा. पातं आपोआप फिरलं तर ते मशीन घेऊ नका, कुठल्याही कंपनीचं असो. पात्याच्या एकाच दातावर खूण करून त्याचं गाईडपासूनचं अंतर पुढे आणि मागे मोजा. अर्थात प्लग काढूनच. जीएसटी नंबर 15 अंकी-अक्षरी असतो, महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो, आणि तो कुणाचा आहे हे मोबाइलवर लगेच दिसतं.

फसवणूक झाली असेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि पोलिसांतही लेखी द्या. ‘धंद्यासाठी घेतलं, म्हणजे तुम्ही ग्राहक नाही’ असं सांगून कुणी परत पाठवलं तर ऐकू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पोट भरण्यासाठी स्वयंरोजगार करणारा कारागीरही ग्राहक धरला आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे. आमची आणि सेलूच्या दादांची तक्रार दाखल झाली आहे.

आणि ज्यांच्याकडे असं मशीन आधीच आलंय त्यांनी ते वापरणं आजच थांबवा, पण भंगारात देऊ नका आणि वाइंडिंगही बदलू नका. आयोग माल तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवू शकतो. आतली ॲल्युमिनियमची तार आणि ती पाटी हाच आपला पुरावा आहे.